पायाळूची पाठ

नवशाच्या पाठीत पहिली कळ आली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ती उसण नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण पायाळूला उसण भरत नाही. हे त्याला आईनं सांगितलं होतं, आईला सुइणीनं. सुइणीला कुणी सांगितलं, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

जो पायांकडून जन्माला येतो तो पायाळू. कुणाची पाठ धरली, कंबरेत चमक भरली, की त्यानं पायाळूच्या दारात जायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पायाळूनं दुखऱ्या जागेवर डावा पाय तीनदा मारायचा, हलका, धूळ झटकल्यासारखा. मारताना बोलायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि आलेल्याला नाही म्हणायचं नाही. नवशा नवसानं झालेला, त्यात पायाळू. बाप तो रांगत असतानाच गेला. त्याच्या आईला, सोनुबाईला, गावात जो काही मान होता तो ह्या पोराच्या डाव्या पायाचा होता. रविवारी सकाळी तिच्या ओटीवर वाकडीतिकडी माणसं बसलेली असायची. कर्जतच्या पेठेतले व्यापारीही टांगा करून यायचे. सोनुबाई मोठ्या टोपात चहा ठेवायची आणि आत बघून हाक मारायची, "नवशा, ऊठ रं, लोकं खोळंबली."

माझं ह्यावर काय मत आहे ते तालुक्याला ठाऊक आहे. लाथेनं पाठ बरी होत नाही, हे नवशाच्याच गावात, देवळासमोर, तासभर बोललो होतो मी. भाषण संपल्यावर ऐकणाऱ्यांपैकी दोघं उठले आणि सरळ नवशाच्या ओटीवर गेले. तासभर मांडी घालून बसल्यानं त्यांच्या पाठी धरल्या होत्या.

नवशा रेल्वेच्या गँगमध्ये होता. कर्जतपासून पळसदरीच्या अंगाला त्यांची बीट. काम एकच, रुळाखालची खडी ठोकून घट्ट करायची. कंबरेत वाकायचं, लोखंड स्लीपरखाली घालायचं, ठोकायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा वाकायचं. वाकलेला माणूस सरळ होतो तो गाडी येते तेव्हा. गाडीतली माणसं खिडकीतून बघतात, त्यांना वाटतं ही माणसं उभीच आहेत.

कळ कंबरेच्या खाली डाव्या बाजूला निघायची आणि पोटरीपर्यंत उतरायची. सकाळी चड्डीत पाय घालताना तो भिंतीला टेकायचा. शिंक आली तर आधी खांब धरायचा. त्याची बायको मैना हे सगळं बघत होती. एकदा तिनं सासूला सांगितलं, "आत्या, यांची पाठ दुखते."

"कुनाची?"

"यांची."

"पायाळूची पाठ दुखते?" सोनुबाई तांदूळ पाखडत होती, तिनं सूपही थांबवलं नाही. "उद्या सांगशील मासळीला पोहता येईना."

मैना पुन्हा बोलली नाही. नवशा तर कधीच बोलला नव्हता. त्याचा हिशोब सरळ होता. पायाळूला उसण भरत नाही, मी पायाळू आहे, म्हणजे ही उसण नाही. आणि पाठीत उसण सोडून दुसरं काही होतं हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे काहीच झालेलं नाही. नऊ वर्षं त्याला काहीच झालेलं नव्हतं. ह्या नऊ वर्षांत दर रविवारी तो उजव्या पायावर उभा राहून लोकांच्या पाठीत डावा पाय मारत होता, आणि दर वेळी त्याच्या कंबरेतून घोट्यापर्यंत तार ओढल्यासारखी कळ जात होती. लोकांना बरं वाटायचं. कसं वाटायचं ते मला विचारू नका.

बाहत्तर साली मी कर्जतला स्टेशनाबाहेर एका ओट्यावर बसून दर बुधवारी गँगवाल्यांचे अर्ज लिहून देत असे. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अर्ज माझा असा असे की साहेबाला दोनदा वाचावा लागे. सगळे खाली बसत, नवशा उभा. तीन बुधवार तो उभाच. चौथ्या बुधवारी माझं डोकं फिरलं.

"अर्ज लिवायला आलास का हजेरी घ्यायला? बस की खाली."

तो बसला. अर्ज झाला, अंगठा झाला, सगळे उठले. हा उठेना. मला वाटलं, रुसला. मग बघितलं तर ओट्याची कड धरून तो चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होता. दोन्ही काखांत हात घालून मी त्याला उभा केला आणि तसाच डॉक्टर गुप्त्यांकडे नेला.

डॉक्टरांनी त्याला उताणा झोपवलं आणि डावा पाय सरळ धरून वर उचलला. पाय अर्ध्यावर अडला.

"किती दिवस होतंय हे?"

"नऊ."

"नऊ दिवस?"

"वर्सं."

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. मणक्याच्या मधली गादी सरकून नस दाबली गेली आहे, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पूर्ण बरं होणार नाही, पण वाढू द्यायचं नसेल तर वाकणं बंद आणि ओझं बंद.

"मग खाऊ काय?" नवशानं विचारलं.

"ते मला नाही ठाऊक. पण पडूनही राहायचं नाही. पडून राहिलास की संपलास. रोज अर्धा तास दम लागेल असं चाल. पावसात चालता येत नसेल तर मऊ मातीवर जागच्या जागी पळ, दोरी मार. उंच उड्या नकोत, दोरी पायाखालून जाईल एवढंच. घाम निघाला पाहिजे, पण कंबर वाकता कामा नये."

"आन् लाथ?"

"कसली लाथ?"

नवशानं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टर म्हणाले, "एका पायावर उभा राहू नकोस."

त्यातलं खडीचं आणि लाथेचं सोडून त्यानं बाकी सगळं ऐकलं. खडीवर पोट होतं, आणि रविवारी ओटीवर आलेल्यांना नाही कसं म्हणणार?

त्याच सुमारास गँगमध्ये बातमी आली की चावीवाला येसाजी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. रूळ जागच्या जागी राहावेत म्हणून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि बगलेत लाल-हिरवी निशाणं घेऊन चावीवाला बीटभर चालतो, एका रुळानं जातो, दुसऱ्यानं परत येतो, सैल दिसेल ती चावी उभ्यानंच ठोकतो. पाच किलोमीटर जाणं, पाच येणं, रोज. डॉक्टरनं सांगितलेलं औषध आणि वर पगार. दुसरं काही काम नवशाच्या पाठीला झेपणारं नव्हतं. चावी मिळाली नाही तर पुन्हा खडी, आणि खडीवर अजून दोन-तीन वर्षं, त्यापुढे अंथरूण. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते माझ्या आधी कळलेलं होतं.

"दम पायजे त्याला," तो म्हणाला. "साहेब नव्या चावीवाल्याला आधी चालवून बघतो."

मग तो तालमीत जाऊ लागला. कर्जतच्या तालमीत तेव्हा मालोजी वस्ताद होते. त्यांचा नियम होता की आत आल्यावर आधी शंभर बैठका आणि पन्नास जोर, मग बाकीचं. नवशानं सांगितलं, जोर नाही मारणार, बैठका नाही मारणार, कोपऱ्यात दोरी मारीन आणि जागेवर पळेन. दुसऱ्या कुणाला वस्तादांनी जोड्यासकट बाहेर काढला असता. पण चार वर्षांपूर्वी वस्तादांची पाठ धरली होती आणि ते नवशाच्या ओटीवर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

"तुझी लाथ खाल्लीय म्हणून," ते म्हणाले. "नायतर तालमीत दोरी मारायला ही काय पोरींची शाळा हाय?"

ड्युटी सुटल्यावर तो यायचा. लंगोट, वर घट्ट बांधलेलं पंच्याचं फडकं, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे कंबरेला. तांबड्या मातीच्या कडेला उभा राहायचा आणि पळू लागायचा. पुढं जायचा नाही, मागं जायचा नाही. जोर मारणारी पोरं त्याच्याकडे बघून हसायची.

"नवशामामा, कवाधरनं पळताय, पळसदरी आली का?"

"सिग्नल नाय," नवशा म्हणायचा.

त्याला विनोद करायचा नसायचा. विचारलं म्हणून उत्तर द्यायचा.

मी एकदा बघायला गेलो. मातीच्या हौदाच्या कडेला बसलो. तो पळत होता, नजर समोरच्या भिंतीवरच्या मारुतीच्या शेपटीवर. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"पयली धा मिन्टं दुखतं. मग बधिर होतं. थंडीत बोटं व्हतात तसं. मग काय कळत नाय, पाय आपापले जातात."

"आणि थांबल्यावर?"

"येतं परत."

"बरं वाटतं का पण?"

त्यानं त्यावर विचार केला, म्हणजे वीसेक पावलं. "वाईट वाटत नाय," तो म्हणाला.

आठ महिने असे गेले. तालमीत आणि गँगमध्ये सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की नवशाला चावी पाहिजे आणि तो दम वाढवतोय. पाठीचं मला, डॉक्टरला आणि मैनेला ठाऊक. रविवार चालूच होते.

येसाजी रिटायर झाला तेव्हा नाव दोघांचं होतं, नवशाचं आणि पदूचं. पदू सत्तावीस वर्षांचा, अंगानं खांबासारखा, तोंडानं चुरचुरीत. साहेब बाहेरचे, नवे. ते म्हणाले, दोघंही निघा. बीटच्या टोकाला जाऊन परत या, सैल चावी सोडायची नाही, तीन तासांच्या आत. जो सगळं धड करून येईल त्याला देतो.

पुढचं मला पदूनंच सांगितलं. त्यानं ते नवशाची नालस्ती करायला सांगितलं होतं, पण त्यातला शब्द बदलला नव्हता. पदू बोलघेवडा असला तरी खोटारडा नाही.

सकाळी सातला दोघं निघाले, एकेका रुळानं. जाताना पदू पुढं होता. टोकाला साहेबानं बसवलेल्या माणसाला हात दाखवून दोघं वळले. येताना पुलाच्या अलीकडे एक चावी पार बाहेर आलेली होती. उभ्यानं ठोकायच्या ऐवजी पदू ती हातानं बसवायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. उतारावरच्या खडीत तो बसला. नवशा मागून येत होता, ठक, दोन पावलं, ठक.

"नवशा, ये रं. भरली. लाथ मार."

नवशा त्याच्यासमोर आला, पण त्याचे पाय थांबले नाहीत. तालमीत पळायचा तसा जागच्या जागी पाय उचलत राहिला, हातोडा खांद्यावर.

"नाचतोस काय? मार ना."

"नाय मारत."

पदूला वाटलं, चेष्टा. "बरं बाबा, चा पाजीन. मार."

"पदू, माझी पाठ दुखते. धा वर्सं झाली. आता थांबून एका पायावर उभा ऱ्हायलो तर परत चालता यायचं नाय मला."

पदू तेवढ्या कळेतही हसला. "पायाळूची पाठ दुखते व्हय? चावी पायजे म्हून सरळ सांग की."

"चावी पन पायजे," नवशा म्हणाला. पाय चालूच. "बसू नको खडीवर. ऊठ, माझ्या मागनं हळूहळू चाल. मी गँगला सांगतो."

आणि तो गेला. पदूनं मागून आई-बहिणीवरून जे जे येत होतं ते सगळं म्हटलं. आवाज विरून जाईपर्यंत ठक, दोन पावलं, ठक.

वेळेला नऊ मिनिटं राखून नवशा पोचला. साहेबांनी विचारलं, पदू कुठं? नवशानं सांगितलं, पुलाजवळ, पाठ धरलीय, दोघं माणसं पाठवा. गँगचा मुकादम नागू पुढे आला.

"आन् तू लाथ नाय मारलीस?"

"नाय."

"का?"

सगळी गँग बघत होती. नवशानं तेव्हाही सांगितलं, माझीच पाठ दुखते म्हणून. कुणी हसलंसुद्धा नाही. साहेबांना ह्यातलं काही कळलं नाही, त्यांनी घड्याळ बघितलं आणि कागदावर नवशाचं नाव लिहिलं.

पहिल्या रविवारी सोनुबाईनं नेहमीसारखा मोठ्या टोपात चहा ठेवला. दहा वाजेपर्यंत तो आटून काळा झाला. कुणी आलं नाही. मैनेनं टोप उचलला तेव्हा म्हातारी म्हणाली, "राहू दे." दुसऱ्या रविवारी तिनं चहा ठेवला नाही. पायाळूनं नाही म्हटलं की पायातलं जातं, असं गावात काही जण म्हणाले. बाकीचे म्हणाले, गेलं कुठं, त्यानं ते हातोड्याला विकलं. सोनुबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. एकाच खोलीत बसून मैनेला सांगायची, "त्याला सांग भाकर वाढलीय." मैना त्याला सांगायची, भाकर वाढलीय. तो जेवायचा.

मी डॉक्टर गुप्त्यांची चिठ्ठी घेऊन त्या गावात गेलो. देवळासमोर पुन्हा उभा राहिलो. पाठीचं काय झालंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकणाऱ्यांतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "अर्ज तुमीच लिवता, चिट्टीबी तुमीच लिवली आसंल." मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी मला धरलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. एका गावातली ओटी बंद पडली, माझ्या भाषणांनी पडली नव्हती ती. पण लाथेवरचा त्यांचा विश्वास होता तिथंच होता. तो फक्त नवशापासून उठून दुसरीकडे गेला. लोधिवलीला जनी म्हणून एक बाई होती, तीही पायाळू. आमच्या बाजूची माणसं एस.टी.नं चौक गावाला जाऊन, तिथून पायी तिच्याकडे जाऊ लागली. पदूही गेला. त्याला बरं वाटलं म्हणे. दोन महिन्यांनी पुन्हा धरली, पुन्हा गेला.

नवशाला मी विचारलं, "वाईट वाटतं का?" आम्ही रुळाच्या कडेनं चालत होतो, म्हणजे तो चालत होता आणि मी अर्धा पळत होतो, कारण तो बोलण्यासाठी थांबत नसे.

"कशाचं?"

"आई बोलत नाही त्याचं."

ठक. "बोलत व्हती तवा तरी मला काय झालंय ते कुटं इचारत व्हती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग शोधला मी. नव्हता. खडीचा भाव सांगावा तसं त्यानं ते सांगितलं.

पुढच्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना सोनुबाईची पाठ धरली. भाताची पाटी उचलताना, खळ्यावर. नवशा ड्युटीवर होता. मैना म्हणाली, यांना येऊ द्या. सोनुबाई म्हणाली, गाडी जुंपा. तिचा पुतण्या कान्हा बैलगाडी घेऊन आला, पेंढ्यावर तिला आडवी घातली आणि निघाले, कर्जतच्या एस.टी. स्टँडला, तिथून चौक, तिथून लोधिवली.

मी तेव्हा फाटकाजवळ सायकल धरून उभा होतो. मालगाडी यायची होती, फाटक पडलेलं. मागून बैलगाडी येऊन थांबली. आत सोनुबाई कुशीवर, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. मी काय झालं ते विचारलं तर कान्हानं नुसतं कंबरेला हात लावून दाखवलं.

पळसदरीच्या बाजूनं आवाज आला. ठक. दोन पावलं. ठक. म्हातारीनं डोळे उघडले.

नवशा फाटकापाशी आला, गाडी बघितली, आई बघितली. फाटकाच्या पलीकडे उभा राहिला म्हणावं तर उभा नव्हता, पाय जागच्या जागी उचलत होता.

"आई, काय झालं?"

सोनुबाई कान्हाला म्हणाली, "त्याला सांग, लोधिवलीला चाल्ले."

कान्हा गोंधळला. दोघांच्या मध्ये दहा हातसुद्धा नव्हते. "लोधिवलीला," तो म्हणाला. "जनीकडं."

"गाडीत पडून जास्ती धरंल," नवशा म्हणाला. "उतर. चाल थोडी. मोडल्यासारकं वाटंल आदी, मग बधिर व्हतं."

तिनं तोंड पेंढ्याकडे केलं. मालगाडी आली. चाळीस-पन्नास डबे असतील, मोजले नाहीत. तेवढा वेळ कुणालाच काही ऐकू येणार नव्हतं. शेवटचा डबा गेला तेव्हा नवशा तिथं नव्हता, दोन तारेच्या खांबांइतका पुढे गेला होता, पाठ ताठ, हातोडा वर-खाली.

फाटक उघडलं. कान्हानं बैलांना हाकललं, तशी म्हातारी ओरडली, "थांब रं. रुळावर गाडी आदळंल. जीव जाईल माझा."

"मग काय करू?"

"मी उतरते."

मी आणि कान्हानं तिला खाली उतरवलं. गाडीच्या मागच्या दांडीला धरून, कंबरेत दुमडलेली, ती एकेक रूळ ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे कान्हानं बैल थांबवले आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हाक, हाक." दांडी तिनं सोडली नाही. गाडी हळूहळू चालली आणि ती तिच्या मागून. पेठेच्या वळणापर्यंत ती चालताना मला दिसत होती. वळणापलीकडे ती गाडीत बसली की नाही ते मला माहीत नाही.

मी वळून रुळाकडे बघितलं. नवशा आता बराच लांब होता. त्यानं एकदाही मागं बघितलं नव्हतं. मागं बघायचं तर कंबर वळवावी लागते.